45 सेकंदांत प्रकृती: चेहरा पाहून बीपी सांगणाऱ्या ॲपचा तीन आठवड्यांचा अनुभव

मुलाच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आई-वडिलांनाही लागू होणारा गट आरोग्य विमा घेतला आणि त्या विम्याच्या पाठोपाठ आमच्या साताऱ्याच्या घरात एक ॲप आले. फोनचा पुढचा कॅमेरा चेहऱ्यासमोर 45 सेकंद स्थिर धरला की नाडीचे ठोके, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन, श्वासाची गती, मानसिक ताण आणि हिमोग्लोबिन असे सहा आकडे हे ॲप पडद्यावर मांडते. दंडाला पट्टा बांधायचा नाही, सुई टोचून घ्यायची नाही आणि रोज एकदा स्कॅन केल्यास पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सवलत मिळवून देणारे गुण जमा होतात, असे त्याचे आकर्षण आहे. माझे वय 63 आहे, रक्तदाबाची गोळी गेली नऊ वर्षे सुरू आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे कोणतेही उपकरण हाती आले की ते नेमके काय मोजते, हे तपासल्याशिवाय चैन पडत नाही. ॲपचे आणि विमा कंपनीचे नाव मी येथे देणार नाही, कारण माझ्या तक्रारीचा मुख्य भाग एका ॲपपुरता नाही. याच धर्तीची अनेक ॲप आज बाजारात आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही ॲपची पारख करताना पुढील मजकूर उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा आहे.

तपासणीची पद्धत साधी ठेवली. रोज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता, पाच मिनिटे खुर्चीत पाठ टेकून शांत बसल्यानंतर, आधी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राने दोनदा रक्तदाब घ्यायचा, मग बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि लगेच ॲपसमोर चेहरा धरायचा. पाठकोऱ्या कागदांच्या वहीत दोन रकाने आखून तीन आठवड्यांत 42 नोंदी केल्या. पट्ट्याचे यंत्र या आधी डॉक्टरांच्या दवाखान्यातील यंत्राशी ताडून घेतलेले होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ॲपच्या जाहिरातीत दोन वेगळ्या कामांची सरमिसळ आहे. चेहऱ्यावरून माणूस कोण आहे हे ओळखणे हे एक काम आणि चेहऱ्यावरून त्याच्या शरीरात काय चालले आहे हे वाचणे हे दुसरे. पहिले काम आम्हां निवृत्तिवेतनधारकांच्या परिचयाचे आहे. 2021 पासून ‘जीवन प्रमाण’ या केंद्र सरकारच्या सेवेत आधारशी चेहरा जुळवून हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो. तेथे सरकारला मी जिवंत आहे आणि मी मीच आहे, एवढेच जाणून घ्यायचे असते. विम्याच्या या ॲपमध्ये प्रवेशही चेहऱ्यानेच होतो आणि तपासणीही चेहऱ्याचीच होते, त्यामुळे वापरणाऱ्याचा सहज समज होतो की, ज्या अचूकपणे आपल्याला ओळखले त्याच अचूकपणे आपला रक्तदाबही कळला असणार. हा समज निराधार आहे.

ठोके मोजण्याचा भाग मात्र खऱ्या विज्ञानावर उभा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत थोडे जास्त रक्त येते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, म्हणून त्या क्षणी चेहऱ्यावरून परत येणारा हिरवा प्रकाश किंचित कमी होतो. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. फोनचा कॅमेरा प्रत्येक रंगाच्या तीव्रतेच्या ज्या 256 पायऱ्या करतो, त्यांतील एका पायरीइतकाही तो बहुधा नसतो. पण कपाळ आणि गाल यांवरील हजारो बिंदूंची सरासरी काढली की गोंधळातून ठोक्याची लय वर येते. कॅलिफोर्नियातील फरक्रायसे, स्वासंद आणि नेल्सन या तिघांनी 2008 मध्ये दाखवून दिले की, यासाठी खास दिवा लागत नाही. खोलीतला नेहमीचा उजेड आणि साधा डिजिटल कॅमेरा पुरतो. 2010 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी हेच काम संगणकाच्या वेबकॅमवर केले, आणि 2012 मध्ये त्याच संस्थेतून आलेल्या चित्रफितींत रंगातला हा बदल वाढवून दाखवला होता, तेव्हा स्वस्थ बसलेल्या माणसाचा चेहरा ठोक्यागणिक लाल आणि फिका होताना लोकांनी प्रथमच पाहिला. वर्गात दाखवता आले असते तर मुले हरखून गेली असती, असे वाटून गेले.

प्रत्यक्ष वापरातही ॲपचा हा भाग उत्तम आहे. खिडकीसमोर, दिवसाच्या उजेडात, चष्मा काढून घेतलेल्या नोंदींमध्ये ॲपचे ठोके आणि मनगटावरचे ठोके यांत तीनपेक्षा जास्त फरक क्वचितच पडला. जिन्याचे तीन मजले चढून आल्यावर मनगटावर 104 भरले, तेव्हा ॲपने 101 सांगितले. ॲपला फसवून पाहण्यासाठी भिंतीवरचा वडिलांचा फोटो हार बाजूला सारून कॅमेऱ्यासमोर धरला. ॲपने चेहरा दिसत असल्याचे मान्य केले, पण सात-आठ सेकंदांनी ‘सजीव हालचाल आढळत नाही’ असे सांगून आकडा द्यायचे नाकारले. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पहिली अडचण संध्याकाळच्या नोंदींत आली. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटच्या बरोबर खाली पंखा आहे. पहिल्या आठवड्यात तेथे बसून घेतलेल्या चार नोंदींत ॲपने ठोके 116 ते 121 दाखवले आणि लाल अक्षरांत विश्रांतीचा सल्ला दिला, तर मनगटावर 72 भरत होते. दोन दिवस कोडे सुटेना. तिसऱ्या दिवशी पत्नीने सहज म्हणून पंखा बंद केला आणि आकडा 73 वर आला. पंखा पुन्हा लावला, पुन्हा 118. रेग्युलेटर एका घराने मागे घेतला, तेव्हा आकडा आणखी वेगळा, पण चूकच. माझ्या मते त्याचे कारण असे असावे. उजेड कमी असला की फोनचा कॅमेरा सेकंदाला 30 ऐवजी 15 चित्रे घेऊ लागतो. पंख्याला पाती तीन, आणि तो मिनिटाला 340 फेरे घेतो असे धरले, तर चेहऱ्यावरून सेकंदाला 17 वेळा सावली सरकते. सेकंदाला 15 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला 17 वेळा होणारी हालचाल सेकंदाला 2 वेळा होत असल्यासारखी भासते, म्हणजे मिनिटाला 120. चित्रपटात धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याच जातीचा हा भास. थोडक्यात, ॲप चार दिवस माझ्या नाडीऐवजी पंख्याची नाडी मोजत होते. ज्या देशात वर्षातले आठ महिने डोक्यावर पंखा फिरतो, तेथे विकायच्या ॲपने एक ओळ सूचना द्यायला हवी होती. सूचनांमध्ये टोपी, मास्क आणि गॉगल यांचा उल्लेख आहे, पंख्याचा नाही.

दुसरी अडचण कपाळाची. ॲप चेहरा सापडताच कपाळावर आणि दोन्ही गालांवर हिरवे ठिपके टाकते. तेच त्याचे वाचनाचे ठिकाण. पत्नीला दर वेळी टिकली काढून स्नानगृहाच्या आरशावर चिकटवावी लागे, कारण टिकलीसह तीनदा ‘कपाळ मोकळे ठेवा’ असा संदेश आला. तिने हे हसत सहन केले, पण स्कॅनच्या आधी सवाष्णीला कपाळ मोकळे करायला सांगणारे यंत्र किती घरांत खपेल, याची शंकाच आहे. माझ्या आईचे वय 86. तिच्या कपाळावर लग्नाआधीचे हिरवे गोंदण आहे, ते काढून आरशावर लावता येत नाही. शिवाय रंग सावळा आणि त्वचेला सुरकुत्या. ‘पुरेसा प्रकाश नाही’ हे वाक्य ॲपने भर दुपारी अंगणात पाच वेळा सांगितले, तेव्हा आईच म्हणाली, “अरे, या डबड्याला माझं गोंदण खरवडून हवंय का?” सहाव्या प्रयत्नात आकडे मिळाले, पण बोटावरच्या ऑक्सिमीटरने 81 दाखवलेले ठोके ॲपच्या हिशेबी 64 होते.

त्वचेच्या रंगाचा हा प्रश्न किरकोळ नाही. मेलॅनिन हे त्वचेतले रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्यामुळे सावळ्या त्वचेतून कॅमेऱ्यापर्यंत परत येणारा रक्ताचा इशारा मुळातच क्षीण होतो. बोटाच्या ऑक्सिमीटरसारख्या जुन्या, रुळलेल्या उपकरणातही हा दोष आहे. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटरने 92 ते 96 टक्के ऑक्सिजन दाखवलेल्या रुग्णांपैकी प्रत्यक्षात ज्यांचा ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली होता, अशांचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के आणि गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के आढळले होते. बोटाला चिकटून, स्वतःचा दिवा लावून मोजणाऱ्या यंत्राची ही स्थिती. मग हातभर अंतरावरून, खिडकीच्या उजेडात मोजणाऱ्या कॅमेऱ्याची कोणत्या वर्णाच्या किती लोकांवर परीक्षा घेतली, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. मी ग्राहक सेवेला हा प्रश्न लेखी विचारला. ‘आमचे तंत्रज्ञान अत्याधुनिक असून जागतिक स्तरावर वापरले जाते,’ असे उत्तर आले.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बोटाचे ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) अशा दोन प्रकाशांच्या शोषणाची तुलना करून उत्तर काढते. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश गाळून टाकणारी काच असते, म्हणजे हिशेबातला एक पाय आधीच निखळलेला. माझे ॲपवरचे आकडे कायम 97 किंवा 98 होते आणि बोटावरचेही तेच. निरोगी माणसावर हे आकडे जुळले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न रक्तदाबाचा आहे, कारण विम्याच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच आहे आणि माझ्या वयाच्या घरांमध्ये रोज विचारला जाणारा आकडाही तोच. 42 नोंदींची सरासरी काढली तेव्हा पट्ट्याचा वरचा आकडा 136 आणि ॲपचा 129 आला. फरक सातचा. जाहिरात लिहिणाऱ्याला एवढे पुरले असते. पण सरासरी बाजूला ठेवून रकाने ओळीने वाचले, तेव्हा चित्र निराळे दिसले. तीन आठवड्यांत पट्ट्याने 118 पासून 162 पर्यंतचे आकडे दाखवले होते, आणि ॲपने एकदाही 124 च्या खाली किंवा 133 च्या वर पाऊल टाकले नव्हते. वर्गातल्या प्रत्येकाला डोळे मिटून 55 गुण देणारा परीक्षक डोळ्यांपुढे आणावा. वर्गाची सरासरी त्याने बरोबर गाठलेली असते, फक्त नापास होणारा आणि पहिला येणारा हे दोघे त्याला दिसलेले नसतात. रक्तदाबाच्या तपासणीत नेमके तेच दोघे शोधायचे असतात.

संशय आला तो आणखी एका गोष्टीने. नोंदणीच्या वेळी ॲप वय, लिंग, उंची आणि वजन विचारते. एका सकाळी त्याच खुर्चीत, त्याच उजेडात तीन स्कॅन केले. वरचे आकडे 128, 130, 129. मग प्रोफाइलमध्ये जाऊन वय 63 चे 33 केले, बाकी काही बदलले नाही, आणि पुन्हा तीन स्कॅन केले. 117, 116, 118. पट्टा या सर्व काळात 138 च्या आसपास होता. चेहरा तोच, रक्त तेच, गोळी तीच. बदलला तो फक्त एक टंकलेला आकडा. यावरून मला एवढेच म्हणता येते की, ॲपच्या रक्तदाबाचा मोठा भाग माझ्या चेहऱ्यातून नव्हे, तर माझ्या अर्जातून येतो. 63 वर्षांच्या, अमुक वजनाच्या पुरुषाचा रक्तदाब साधारण किती असतो, हे सांगायला कॅमेरा कशाला हवा? आमच्या गल्लीतला औषध दुकानदारही तेवढा अंदाज बांधू शकेल.

या शाखेतील संशोधन प्रामाणिकपणे वाचले तरी हाच धोका दिसतो. चेहऱ्याच्या चित्रणावरून रक्तदाब काढण्याच्या तंत्रावर कॅनडा आणि चीनमधील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात 1328 प्रौढ व्यक्ती होत्या आणि निष्कर्ष उत्साहवर्धक होते. परंतु त्या सर्वांचा रक्तदाब सामान्य मर्यादेत होता. ज्या गटात कोणाचाच रक्तदाब फार वर किंवा फार खाली नाही, त्या गटात सरासरीच्या जवळ राहणारे उत्तर बरोबरच ठरणार. पट्ट्याच्या यंत्रांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक याच कारणाने किमान 85 व्यक्ती मागते, त्यांत जास्त आणि कमी रक्तदाबाचे लोक ठरलेल्या प्रमाणात असावे लागतात, सरासरी चूक पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपेक्षा आणि चुकांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवतीचा चुकांचा पसारा, 8 पेक्षा जास्त चालत नाही. 1896 मध्ये इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधला आणि 1905 मध्ये रशियातील कोरोटकॉफ यांनी त्याखाली कान लावायला शिकवले; तेव्हापासून पट्टा रक्तवाहिनीला प्रत्यक्ष दाबून पाहतो. कॅमेरा कशालाही दाबत नाही. त्याला रक्ताच्या लाटेच्या आकारावरून दाबाचा तर्क करावा लागतो, आणि तो तर्क माणसागणिक वेगळा असू शकतो.

हा दोष कागदावरचा नाही, हे सोळाव्या दिवशी कळले. कोरेगावला भाच्याचे लग्न होते. दोन दिवस जागरण, मठ्ठा-पापड-लोणचे आणि एक गोळी चुकलेली. परत आल्यावर मानेत आणि डोक्यात जड वाटत होते. पट्ट्याने 162 वर आणि 94 खाली दाखवले. दहा मिनिटांनी पुन्हा 158 आणि 92. त्याच वेळी ॲपने 131 आणि 82 दाखवून वर्तुळ हिरवे केले, त्याखाली ‘छान! अशीच जीवनशैली ठेवा’ असे लिहिले आणि दहा गुण जमा केले. मी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते माझे जुने विद्यार्थी आहेत, वहीतले दोन्ही रकाने त्यांनी शांतपणे पाहिले, स्वतः पट्टा बांधून 156 घेतले, आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ नोंद आणायला सांगितली आणि म्हणाले, “सर, मोबाइलच्या आकड्यावर गोळी सोडणारे दोन पेशंट या महिन्यातच आले होते. तुम्ही वही ठेवलीत म्हणून बरं.” माझ्याजवळ पट्टा होता आणि ॲपवर विश्वास नव्हता, म्हणून मी गेलो. ज्याच्याजवळ फक्त फोन आहे त्याने हिरवे वर्तुळ पाहून पंख्याखाली झोप काढली असती.

ताणाचा आकडा तर मनोरंजनाच्या सदरात मोडतो. ठोक्यांमधील अंतर किती कमी-जास्त होते, यावरून तो काढला जातो आणि त्यामागे अभ्यासाची परंपरा आहे. पण 1996 मध्ये युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या पद्धतीत अशा अल्पकालीन नोंदीसाठी पाच मिनिटे सांगितली आहेत, येथे 45 सेकंद. दहा मिनिटांत माझा ताण ‘कमी’पासून ‘उच्च’पर्यंत जाऊन आला. मध्ये घडलेली एकमेव घटना म्हणजे मी चहा गाळला.

हिमोग्लोबिनबद्दल अधिक गांभीर्याने बोलले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सुई न टोचता, फोनवरून तो ओळखता आला तर आशा सेविकेच्या हाती मोठेच साधन येईल. हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात 2025 मध्ये चेहऱ्याच्या चित्रणावरून असे अंदाज देणारी सेवा सुरू झाल्याची बातमी वाचली होती, त्यामुळे मला या आकड्याचे कुतूहल सर्वांत जास्त होते. ॲपने पत्नीचे हिमोग्लोबिन 12.9 सांगितले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत रक्त दिले, तेथे 10.4 आले. स्त्रियांसाठी 12 ही रक्तक्षयाची सीमा जागतिक आरोग्य संघटनेने ठेवली आहे. म्हणजे ॲपने तिला सीमेच्या अलीकडे ठेवले आणि प्रयोगशाळेने पलीकडे. एका व्यक्तीच्या एका नोंदीवरून पद्धत निकालात काढणे योग्य नाही, हे मी मान्य करतो. पण जुने डॉक्टर रक्त कमी आहे का हे पाहताना गालाकडे न पाहता खालची पापणी ओढून आतला भाग का पाहत, हे ॲप बनवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पापणीच्या आत त्वचेचा रंग आड येत नाही, तिथला फिकेपणा सावळ्या आणि गोऱ्या माणसांत सारखाच उघड असतो.

चेहरा पाहून रोग ओळखण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत दृक् (डोळे) आणि आकृती (शरीराची ठेवण) या दोन परीक्षा आहेतच. मात्र त्यांच्या जोडीला नाडी, जिव्हा, स्पर्श आदी सहा ठेवलेल्या आहेत, ही व्यवस्था विसरता कामा नये. आधुनिक वैद्यकातही जेथे हे तंत्र विचारपूर्वक वापरले गेले, तेथे ते डॉक्टरच्या हातातले साहाय्य म्हणून आले. ‘फेस टू जीन’ या साधनामागची प्रणाली 2019 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडली गेली. बालकाच्या चेहऱ्याच्या ठेवणीवरून ती संभाव्य जनुकीय विकारांची यादी काढते, आणि त्या अभ्यासात 91 टक्के वेळा योग्य विकार पहिल्या दहा नावांत होता. पहिल्या दहांत, पहिला नव्हे. पुढे जनुकीय चाचणी करून तज्ज्ञच निर्णय घेतो, आणि साधनही ते लपवत नाही. ऑस्ट्रेलियातील ‘पेनचेक’ हे ॲप स्मृतिभ्रंशामुळे बोलू न शकणाऱ्या वृद्धांच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या खुणा टिपते, पण आवाज, हालचाल, वागणूक यांची नोंद परिचारिकेने स्वतः केल्याखेरीज त्याचा हिशेब पुरा होत नाही. आमच्या ॲपला अशा कोणा तिसऱ्या माणसाची गरजच वाटत नाही.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. सहापैकी एकच आकडा या ॲपने खरोखर मोजला, तोही पंखा बंद असताना. उरलेले त्याने कमी-अधिक अंदाजाने सांगितले. अंदाज सांगण्यात गैर काही नाही. हवामान खातेही अंदाजच सांगते आणि त्याला अंदाजच म्हणते. येथे मात्र मोजलेले ठोके आणि तर्काने काढलेला रक्तदाब एकाच आकाराच्या वर्तुळात, एकाच ठशात, शेजारी शेजारी बसवले आहेत. ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ हे वाक्य आहे, पण ते नियम व अटींच्या अकराव्या परिच्छेदात, इंग्रजीत. वर्तुळाखाली दहा शब्दांत ते मराठीत लिहिले असते आणि रक्तदाब ‘124 ते 145 च्या दरम्यान असावा’ असा पल्ला देऊन सांगितला असता, तर माझी निम्मी तक्रार राहिली नसती. जागा नव्हती असेही नाही. त्याच जागी गुण किती झाले ते फिरत्या अक्षरांत दिसते.

मराठी भाषांतराविषयी एवढेच सांगतो की, ‘आपले चेहरा स्थिर धरून ठेवणे’ हे त्यातील सर्वांत शुद्ध वाक्य आहे. संमतीचा मजकूर मात्र भाषांतरितच नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात अशी संमती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मी इंग्रजी मजकूर संपूर्ण वाचला. चेहऱ्याची चित्रफीत साठवत नाही, असे त्यात म्हटले आहे. चित्रफितीतून काढलेले ‘आरोग्य निर्देशक’ मात्र ‘भागीदार संस्थांना’ देता येतील, असेही म्हटले आहे. भागीदार कोण, याची यादी नाही. विमा कंपनीला माझ्या रक्तदाबाचा खोटा 129 कळला तर माझा फायदाच आहे, असे मुलगा थट्टेने म्हणाला. पण पत्नीचा आकडा उलट्या दिशेने चुकला असता तर?

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर ठोक्यांसाठी चार, रक्तदाबासाठी शून्य आणि एकंदरीत दीड. ज्यांना गोळ्या सुरू नाहीत, ज्यांना केवळ चालून आल्यावर ठोके किती झाले हे पाहायचे आहे, त्यांनी दिवसाच्या उजेडात, पंखा बंद करून ते अवश्य वापरावे. घरात रक्तदाबाचा, हृदयविकाराचा किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर दीड-दोन हजारांत मिळणारे दंडाच्या पट्ट्याचे यंत्र आधी घ्यावे आणि ते दवाखान्यात एकदा ताडून आणावे.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी खाते बंद करण्याची आणि आजवरच्या सर्व नोंदी पुसून टाकण्याची विनंती पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की, विनंती स्वीकारण्यात आली असून ती करणारी व्यक्ती मीच आहे याची खात्री करण्यासाठी एक शेवटचा स्कॅन आवश्यक आहे. मी पंखा बंद केला, खिडकीसमोर खुर्ची ओढली आणि चेहरा धरला. ओळख पटली. रक्तदाब 129, आणि दहा गुण जमा.